साचा मोडल्यावर उरतो तो कोळसा

फौंड्रीत ज्यांनी एकदा तरी पाऊल टाकले असेल त्यांना 'कोअर' ही वस्तू समजावून सांगावी लागणार नाही. इंजिनाचा ठोकळा ओतावयाचा असतो आणि त्याच्या पोटात पाणी खेळण्यासाठी वाकड्यातिकड्या वाटा ठेवावयाच्या असतात. ओतून झालेल्या लोखंडात अशा वाटा मागाहून कोरणे कठीण. म्हणून पोकळी जेथे हवी तेथे वाळूचा घट्ट गाभा आधीच बसवितात, त्याच्याभोवती रस ओततात आणि धातू निवाला म्हणजे ती वाळू ठोकून, हलवून बाहेर काढतात. वाळू जाते, तिने अडवून ठेवलेली जागा तेवढी मागे राहते. कोल्हापुरात आणि बेळगावात कित्येक हात हेच काम रोज करीत असतात.

आज ज्या विषयासंबंधी मला सांगावयाचे आहे तो ऐकावयास अवघड वाटतो. सिलिकेचा साचा वापरून सच्छिद्र कार्बन कसा तयार करतात, असा तो विषय आहे. परंतु सिलिका म्हणजे रसायनाच्या भाषेत वाळूच, आणि कार्बन म्हणजे आपला कोळसा. लोखंडाच्या जागी कोळसा आणि हाताएवढ्या कोअरच्या जागी डोळ्यांना न दिसणारी कोअर, एवढाच काय तो फरक. रसायनशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही; कामगार चळवळीत जे वाचावे लागले ते वाचीत गेलो. या प्रक्रियेकडे माझे लक्ष गेले ते साचा भरणाऱ्यापेक्षा साचा फोडणाऱ्याची काळजी मला अधिक वाटते म्हणून. त्या काळजीकडे मी शेवटी येईन. आधी प्रक्रिया नीट समजून घेऊ.

कोळशाला छिद्रे असतात ही गोष्ट नवी नाही. नारळाची करवंटी हवा न लागू देता भाजली आणि मग आठशे-नऊशे अंश सेल्सिअस उष्णतेत तिच्यावर पाण्याची वाफ सोडली, तर वाफ कोळशाला आतून कुरतडते आणि त्याच्यात असंख्य बारीक भेगा व बिळे पडतात. हाच बाजारातील 'ॲक्टिव्हेटेड कार्बन'. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जी काळी भुकटी किंवा काळी कांडी असते ती हीच. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकाला वाचविणाऱ्या मुखवट्यात असाच कोळसा भरीत. १९१८ साली अमेरिकेत त्यासाठी नागरिकांकडून फळांच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या गोळा करण्यात आल्या होत्या.

हा कोळसा घाण शोषतो म्हणजे स्पंज पाणी पितो तसे नव्हे. घाणीचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. म्हणून सारा प्रश्न पृष्ठभागाचा. जितक्या आतल्या भिंती अधिक, तितके बिऱ्हाडकरू अधिक. चांगल्या सच्छिद्र कार्बनच्या एका ग्रॅमच्या आत सुमारे १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या हिशेबाने सांगावयाचे तर चाळीतली दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची. अशा सुमारे १३४ खोल्यांची जमीन एका ग्रॅमच्या चिमटीत घडी घालून ठेवलेली आहे. ती चुन्याच्या डबीत मावेल.

मग करवंटीच्या कोळशाने काम भागत असता नवा खटाटोप कशासाठी? अडचण अशी की, वाफेने पाडलेली छिद्रे वाळवीने पोखरलेल्या लाकडासारखी असतात. कोठे केवढे बीळ पडेल ते वाळवीच्या मर्जीवर. त्यांतील बहुतेक बिळे दोन नॅनोमीटरहूनही अरुंद असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस अशा पाऊण लाख नॅनोमीटर जाडीचा असतो. क्लोरीनसारखे किरकोळ रेणू त्या बिळांत सहज जातात. परंतु जीवनसत्त्व ब-१२, प्रथिने, मोठे रंगद्रव्य असे थोराड रेणू दारातच अडकतात. खोल्या १३४ असल्या तरी दार नऊ इंचाचे असेल तर बिऱ्हाड आत न्यावयाचे कसे? शास्त्रज्ञांनी छिद्रांचे तीन वर्ग पाडले आहेत: दोन नॅनोमीटरच्या आतली सूक्ष्म, दोन ते पन्नास नॅनोमीटरची मध्यम आणि त्याहून मोठी ती स्थूल. हवी होती ती मध्यम छिद्रे, आणि तीही एका मापाची, एका रांगेतली. कुरतडून ती मिळणे कठीण, म्हणून ओतकामाची वाट धरावी लागली.

या वाटेवरचे पहिले मोठे नाव एडिंबरो विद्यापीठातील जॉन नॉक्स यांचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यापुढे एक व्यवहारी प्रश्न होता. औषधातील किंवा रक्तातील निरनिराळे घटक वेगळे करून मोजण्यासाठी एक बारीक नळी भुकटीने ठासून भरतात आणि तिच्यातून मोठ्या दाबाखाली द्रव ढकलतात. नळीत भरण्याची भुकटी बहुधा सिलिकेची असे, आणि क्षारयुक्त द्रवात सिलिका विरघळू लागते. नॉक्स यांना न विरघळणारी, दाबाने न चुरडणारी आणि आतून मोकळी अशी भुकटी पाहिजे होती. त्यांनी सिलिकेचे काही सहस्रांश मिलिमीटरचे सच्छिद्र गोळे घेतले, त्यांच्या छिद्रांत फिनॉल व हेक्झामिन यांचे मिश्रण भरून तापविले आणि तेथेच बेकेलाइटसारखे कडक रेझिन तयार केले. मग नायट्रोजन वायूत हजार अंशांपर्यंत भाजून रेझिनचा कोळसा केला आणि कॉस्टिकच्या उष्ण द्रावणात सिलिका विरघळवून टाकली. शेवटी उरलेला कार्बन दोन हजार अंशांच्या वर तापवून ग्रॅफाइटसारखा घट्ट केला. जी खोड सिलिकेचा दोष म्हणून नडत होती, तिचाच त्यांनी उपयोग करून घेतला! हा माल १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला आणि प्रयोगशाळांतून रुळला.

परंतु नॉक्स यांच्या सिलिकेतील छिद्रे सरळ रांगेतली नव्हती, आणि साचा जसा वेडावाकडा तसे ओतीवही वेडेवाकडे. नीटस साचा मिळाला तो १९९२ साली. अमेरिकेतील मोबिल या तेल कंपनीच्या संशोधकांनी साबणाच्या जातीच्या एका पदार्थाचा उपयोग केला. साबणाच्या रेणूला एक डोके आणि एक शेपटी असते. डोक्याला पाणी आवडते, शेपटीला आवडत नाही. पाण्यात पुरेसे रेणू जमले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून ते काठ्यांसारखे गट बांधतात. या काठ्यांभोवती सिलिका गोठू दिली आणि नंतर साबण जाळून टाकला, की सिलिकेत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी मांडणीची, एका मापाची लांबच लांब भुयारे राहतात. या सिलिकेला एमसीएम-४१ असे नाव आहे.

येथे आपल्या मूर्तिकारांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात धातूच्या मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. मूर्ती आधी मेणाची करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण काढून टाकावयाचे, रिकाम्या जागेत धातूचा रस ओतावयाचा आणि तो थंड झाला की माती फोडावयाची. नव्या प्रक्रियेशी ही रीत पायरीने पायरी जुळते. साबण हे मेण, सिलिका ही माती आणि कार्बन हा धातूचा रस. मेण गेल्यावर मातीत जागा होते. माती गेल्यावर मूर्ती उरते. दोन पदार्थ आपापले काम करून निघून जातात आणि तिसरा त्यांचा आकार घेऊन उभा राहतो.

कार्बनची अशी सुबक मूर्ती १९९९ साली दक्षिण कोरियात घडली. देजॉन येथील काइस्ट या संस्थेत रयोंग रयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर हा रस म्हणून वापरला. त्याच वर्षी सोल राष्ट्रीय विद्यापीठातील तेघ्वान ह्यॉन यांच्या गटाने फिनॉलच्या रेझिनपासून तसाच कार्बन केला. एक मजेची गोष्ट अशी की, एमसीएम-४१ चा सरळ भुयारांचा साचा या कामी चालत नाही. त्याची भुयारे एकमेकींपासून अलग असतात. प्रत्येक भुयारात कार्बनची एक काठी होते खरी, पण सिलिका विरघळली की त्या काठ्यांना एकमेकींचा आधार राहत नाही. मोळीचा दोर तुटावा तशा त्या कोसळतात आणि छिद्रांचा पत्ता राहत नाही. रयू यांनी पहिल्यांदा घेतला तो एमसीएम-४८ हा साचा. त्याची भुयारे तिन्ही दिशांनी एकमेकांत गुंतलेली असतात. पुढे २००० साली त्यांच्या गटाने एसबीए-१५ हा साचा वापरला. ही सिलिका कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे झाओ दोंगयुआन आणि गेलन स्टकी यांच्या गटाने १९९८ साली प्रसिद्ध केली होती. तिची मुख्य भुयारे सरळच असतात, पण भुयारांमधल्या भिंतींत बारीकबारीक आडव्या वाटा असतात. त्या वाटांत शिरलेला कार्बन काठ्यांमधले पूल बनतो. साचा गेल्यावर सारी इमारत त्या चिमुकल्या पुलांवर उभी राहते. संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटले नाही. मोठे खांब दिसतात, पण इमारत तोलून धरतात ते सांधे.

एसबीए-१५ पासून केलेल्या या कार्बनला सीएमके-३ म्हणतात. त्याची कृती एखाद्या पाकाच्या कृतीसारखी सांगता येते. एक ग्रॅम सिलिका घ्यावयाची. पाच ग्रॅम पाण्यात सव्वा ग्रॅम साखर आणि ०.१४ ग्रॅम गंधकाम्ल मिसळून तो पाक सिलिकेत जिरवावयाचा. मग शंभर अंशांवर सहा तास आणि एकशे साठ अंशांवर सहा तास ठेवावयाचे. शाळेत साखरेवर गंधकाम्ल ओतून काळा फुगार कोळसा झालेला काहींनी पाहिला असेल. तेच येथे भुयारांच्या आत सावकाश घडते. त्यानंतर आणखी ०.८ ग्रॅम साखर व ०.०९ ग्रॅम आम्ल तेवढ्याच पाण्यात घालून दुसऱ्यांदा भरावयाचे. मग हवा लागू न देता नऊशे अंशांपर्यंत भाजावयाचे आणि शेवटी सिलिका विरघळवावयाची.

दोनदा भरण्याचे कारण साधे आहे. साखरेच्या ३४२ भागांत कार्बन १४४ भागच असतो. बाकीचे १९८ भाग पाण्याचे घटक असतात आणि तापविल्यावर ते निघून जातात. म्हणजे पाकाने भुयार काठोकाठ भरले तरी कोळसा झाल्यावर ते अर्धेअधिक रिकामे होते. एकदाच भरून थांबलो तर काठ्या पोकळ व पूल तुटके होतील. फौंड्रीतही धातू निवताना आकसतो म्हणून वर जास्तीचा रस ठेवावा लागतो. निसर्गाचा हिशेब दोन्हीकडे एकच.

साच्यासाठी सिलिकाच का, हेही येथे सांगितले पाहिजे. नऊशे-हजार अंशांच्या उष्णतेतही ती आकार सोडत नाही आणि कार्बनशी भांडणही करीत नाही. पंधराशे-सोळाशे अंशांच्या पुढे मात्र दोघांची क्रिया होऊन सिलिकॉन कार्बाइड बनते. म्हणूनच नॉक्स यांना ग्रॅफाइट करण्यापूर्वी सिलिका काढून टाकावी लागली. आणि काम झाल्यावर कार्बनला धक्का न लावता तिला विरघळविण्याचे उपाय आहेत. तापत्या भट्टीत टिकावे आणि वेळ येताच निघून जावे, असा साचेदार मिळणे सोपे नाही.

या खटपटीतून निघालेल्या सीएमके-३ ची छिद्रे सुमारे साडेचार नॅनोमीटरची असतात आणि पृष्ठभाग ग्रॅमला १५०० चौरस मीटरच्या आसपास भरतो. त्याचा उपयोग कोठे? २००१ साली रयू यांच्या गटाने अशाच तऱ्हेच्या कार्बनच्या भिंतींवर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पसरून दाखविले. महागड्या धातूचा कण न् कण कामास लागावा हा त्यातला हेतू. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नझार यांच्या गटाने २००९ साली सीएमके-३ च्या छिद्रांत वितळलेले गंधक जिरवून लिथियम-गंधक बॅटरीचा विद्युदग्र बनविला. गंधक स्वस्त आहे, पण त्यातून वीज वाहत नाही आणि बॅटरी चालताना ते द्रवात विरघळून निसटते. कार्बनच्या काठ्यांनी त्याला वीजही पोहोचविली आणि पुष्कळसे जागेवर धरूनही ठेवले. ही कामे करवंटीच्या कोळशाच्या वाळवी-बिळांतून साधणारी नव्हेत.

तरीही तुमच्या घरच्या फिल्टरमध्ये सीएमके-३ नाही, हे कशामुळे? हिशेब मांडून पाहा. दोन ग्रॅमांच्या वर साखर घातली तरी तिच्यातला सारा कार्बन ०.८६ ग्रॅम, आणि हाती लागतो तो त्याहूनही कमी. तेवढ्यासाठी एक ग्रॅम निगुतीने केलेली सिलिका खर्ची पडते. फौंड्रीतली वाळू चाळून पुन्हा वापरता येते. येथे साचा विरघळून वाहून जातो. म्हणजे या मालाची किंमत मुख्यतः मालाची नसून मोडलेल्या साच्याची आहे.

आणि आता मी माझ्या काळजीकडे येतो. हा साचा मोडावयाचा कोणी आणि कशाने?

उपाय दोन आहेत. एक, कॉस्टिक सोड्याचे उष्ण द्रावण. दुसरा, हायड्रोफ्लोरिक आम्ल. या दुसऱ्या आम्लासंबंधी प्रत्येक कामगाराने ऐकून ठेवावे. गंधकाम्ल अंगावर पडले तर माणूस तत्काळ ओरडतो आणि पाण्याकडे धावतो. पातळ हायड्रोफ्लोरिक आम्ल पडले तर कित्येक तास काही जाणवतही नाही. तोवर ते कातडीतून आत उतरते, रक्तातले व हाडातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि डाग मोठा असेल तर हृदय बंद पडू शकते. पुष्कळ पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम चोळणे आणि ताबडतोब दवाखाना गाठणे, हा त्यावर इलाज. ते मलम कपाटात नसेल तर त्या आम्लाची बाटलीही कपाटात नसावी. २०१२ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातीलच गुमी या गावी एका कारखान्यात टाकीगाडीतून हे आम्ल काढून घेताना ते वायुरूपाने सुटले. पाच माणसे मेली, हजारोंना उपचार घ्यावे लागले, आसपासची पिके करपली. तेथे सच्छिद्र कार्बन होत नव्हता, हे मी स्पष्ट करतो. पण आम्ल तेच. प्रयोगशाळेत ग्रॅमभर माल करताना जी बाटली पुरते, तिच्या जागी टनावारी माल करताना टाकीगाडी येते.

साचा फोडणाऱ्याच्या वाट्याला काय येते हे मी फौंड्रीत पाहिले आहे. आमचा एक सभासद सतरा वर्षे कोअर फोडण्याच्या जागेवर होता. खोकला जडला, दम लागू लागला. दोन वर्षे क्षयाची औषधे झाली. शेवटी छातीच्या चित्रावरून सिलिकोसिस ठरला. वाळूची अतिबारीक धूळ फुप्फुसात बसून तेथे व्रण धरतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत, असा हा रोग. १९४८ च्या कारखाने कायद्याने तो सरकारला कळविण्याच्या रोगांत घातला होता. परंतु हजेरीपटावर या माणसाची नोंद नुसती 'हेल्पर' अशी होती. तो धुळीत उभा होता याचा कागद कोठेच नव्हता, आणि भरपाईच्या अर्जाला उत्तर आले की, धुळीशी याचा संबंध सिद्ध होत नाही. ओतणाऱ्याचे नाव कागदावर होते; साचा फोडणाऱ्याचे काम कागदावर नव्हते.

शास्त्राशी प्रामाणिक राहून एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिलिकोसिस होतो तो स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीने. एमसीएम किंवा एसबीए या साच्यांतील सिलिका स्फटिकरूप नसते; म्हणून फौंड्रीतला धोका तसाच्या तसा येथे आहे असे मी म्हणणार नाही. येथला धोका मुख्यतः विरघळविणाऱ्या द्रवाचा आहे. पण धडा एकच.

आनंदाची गोष्ट ही की, यावर शास्त्रज्ञांनीही विचार केला आहे. जपानमधील संशोधकांनी मॅग्नेशियम ऑक्साइडचा साचा वापरला. तो सौम्य आम्लात विरघळतो आणि मॅग्नेशियम परत मिळवून पुन्हा वापरता येते. जर्मनीत वितळलेल्या क्षारांचा साचा करून नुसत्या पाण्याने तो धुऊन काढण्याची रीत पुढे आली. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत २००४ साली आणि लगेच पुढे शांघायच्या फुदान विद्यापीठात झाओ यांच्या गटाने सिलिकेची पायरीच गाळली. साबणासारख्या लांब रेणूंभोवती थेट फिनॉलचे रेझिन गोठविले. तापविताना ते रेणू आपोआप उडून गेले. मेणावर माती न लिंपता थेट मूर्तीच घडविल्यासारखे हे झाले. प्रत्येक रीतीला आपापल्या मर्यादा आहेत, आणि सिलिकेच्या साच्याइतकी सुबक मांडणी सर्वत्र साधत नाही. जेथे सिलिकाच हवी तेथेही पुष्कळदा हायड्रोफ्लोरिक आम्लाऐवजी कॉस्टिकने भागते. तेही भाजते, पण भाजल्याचे लपवून ठेवीत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. नव्या पदार्थाची वार्ता आली की आपण विचारतो, पृष्ठभाग किती, छिद्र केवढे, किंमत काय. हे प्रश्न योग्यच आहेत. त्यांच्या खाली आणखी एक ओळ असावी: साचा कशाने काढता, आणि ते काम कोण करतो? हा प्रश्न प्रयोगशाळेत, माल अजून ग्रॅमात असतानाच विचारला तर उत्तर बदलणे सोपे असते. टाकीगाडी दारात आल्यावर ते अवघड होऊन बसते. ज्याने साचा मोडला त्याचे काम हजेरीपटावर नावानिशी लिहा, म्हणजे पुढच्या सभासदाला आपण कोठे उभे होतो हे सिद्ध करीत बसावे लागणार नाही.